पीसीओएस, अंड्याभोवतीचं पाणी आणि दिवस न राहणं : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे अंडी शोधणं, सांभाळणं, भ्रूण वाढवणं हे माझं रोजचं काम, आणि मला स्वतःला एकोणिसाव्या वर्षापासून पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, काहीजण पीसीओडी म्हणतात) आहे. त्यामुळे मैत्रिणी, वहिनी, वहिनीच्या बहिणी, सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडे येतात आणि बरेचसे तेच तेच असतात. यातला एक विषय असा आहे की त्याबद्दल मराठीत कोणी नीट बोलतच नाही, तो म्हणजे अंडं ज्या पाण्यात वाढतं ते पाणी. म्हणून ही उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय. ही माहिती आहे, तुमच्या डॉक्टरांच्या जागी नाही, औषध कुठलंही असो, त्यांना विचारूनच घ्या.

प्रश्न : सोनोग्राफीत "मल्टिपल सिस्ट" लिहून आलंय. म्हणजे गाठी झाल्यात का? काढून टाकता येतील का?

गाठी नाहीत. हे पहिल्यांदा डोक्यातून काढा, कारण "गाठी" हा शब्द ऐकला की सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्या घाबरतात आणि घाबरवतात. त्या काळ्या काळ्या गोल ठिपक्यांना फॉलिकल म्हणतात, प्रत्येक फॉलिकल म्हणजे पाण्याने भरलेली एक छोटी पिशवी आणि त्यात एक अंडं. साधारण २ ते ९ मिलिमीटरच्या या पिशव्या प्रत्येक बाईच्या बीजकोशात असतात. पीसीओएसमध्ये त्या जास्त असतात आणि वाढता वाढता मध्येच थांबतात. सोनोग्राफीत काळं दिसतं ते पाणी, आणि ही सगळी प्रश्नोत्तरं त्या पाण्याबद्दलच आहेत.

काढायचं म्हणाल तर त्याचाही इतिहास आहे. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी पाळी न येणाऱ्या, मोठे बीजकोश असलेल्या सात बायकांबद्दल लिहिलं, त्यांनी बीजकोशाची पाचर कापून काढली आणि त्या बायकांची पाळी सुरू झाली, दोघींना दिवसही राहिले. कितीतरी वर्षं हा आजार त्या दोघांच्या नावानेच ओळखला जायचा. आज त्याचंच सौम्य रूप म्हणजे दुर्बिणीतून केलेलं ओव्हेरियन ड्रिलिंग, पण ते गोळ्यांनी काम झालं नाही तर, तेही प्रत्येकीला नाही. "सिस्ट काढून टाकू" असं कोणी पहिल्याच भेटीत म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

प्रश्न : मग पीसीओएस आहे हे ठरवतात कशावरून? नुसत्या सोनोग्राफीवरून?

नाही. २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेले निकष अजून वापरतात, तीनपैकी दोन गोष्टी पाहिजेत. एक, पाळी अनियमित म्हणजे अंडं वेळेवर न फुटणं. दोन, पुरुषी हॉर्मोन जास्त, मग ते रक्तात दिसो किंवा हनुवटीवरच्या केसांतून, पिंपल्समधून. तीन, सोनोग्राफीत जास्त फॉलिकल. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइननुसार प्रौढ बायकांमध्ये सोनोग्राफीऐवजी एएमएचची, म्हणजे छोटी फॉलिकल जे हॉर्मोन सोडतात त्याची, रक्ततपासणीही चालते. थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं आधी बाजूला काढायला लागतात.

आणि मुलगी लहान असेल, पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील, तर सोनोग्राफीवरून निदान करायचं नाही असं गाइडलाइनच सांगते, कारण त्या वयात फॉलिकल जास्त असतातच. पंधरा वर्षांच्या मुलीला "तुला पीसीओडी आहे, मूल होणार नाही" असं सांगितलेल्या आया माझ्याकडे रडत आल्यात. असं कुणी सांगू नये.

प्रश्न : हे अंड्याभोवतीचं पाणी नक्की असतं काय?

त्याला फॉलिक्युलर फ्लुइड म्हणतात. फॉलिकल १८-२० मिलिमीटरचं झालं की त्यात साधारण ३ मिली पाणी असतं, मुलांच्या सिरपचा ५ मिलीचा चमचा पूर्ण भरणार नाही इतकं. बराचसा भाग तुमच्या रक्तातूनच झिरपून येतो, लहान रेणू सहज आत येतात, मोठे अडतात, आणि त्यात आतल्या पेशी आपापला माल सोडतात, हॉर्मोन, प्रथिनं, आम्लं.

दिसतं कसं सांगू? पिकअपच्या, म्हणजे अंडी बाहेर काढण्याच्या, वेळी डॉक्टर योनीमार्गातून सोनोग्राफी बघत बघत सुईने एकेक फॉलिकल रिकामं करतात आणि ३७ अंशांवर गरम ठेवलेल्या टेस्ट ट्यूब खिडकीतून माझ्या हातात येतात. रक्त मिसळलं नसेल तर पाणी अगदी फिकट पिवळं, गवती चहा हलकासा उकळल्यावर पाणी दिसतं ना, तसं. मी ते डिशमध्ये ओतते आणि मायक्रोस्कोपखाली फिरवते, आणि त्यात तो दिसतो. भिजवलेला सब्जा बघितलाय ना, मध्ये ठिपका आणि भोवती काचेसारखा बुळबुळीत गोळा? हुबेहूब तसाच. मधला ठिपका अंडं, जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा, आणि भोवतीचा गोळा क्युम्युलस पेशींचा. गोळा उचलला की बाकीचं पाणी टाकून देतात. इतकी वर्षं झाली तरी ते पाणी टाकताना मला वाटतं की या बाईची अख्खी कहाणी यात आहे आणि ती वाचायला अजून आपल्याकडे पुरेशी अक्षरओळख नाही.

प्रश्न : पण पाण्याचा आणि मूल न होण्याचा काय संबंध? अंडं तर अंडं आहे ना?

हाच खरा मुद्दा. फॉलिकलच्या आतल्या भिंतीत रक्तवाहिन्या नसतातच, त्या बाहेरच्या थरापर्यंत येऊन थांबतात. म्हणजे अंड्याला जे काही मिळायचं, ऑक्सिजन, साखर, हॉर्मोन, सगळं या पाण्यातून आणि भोवतीच्या पेशींमधूनच. कैरी ज्या खारात मुरते त्या खाराची चव घेते, तसं अंडं या पाण्यात दिवसेंदिवस मुरत असतं.

त्यात अजून एक गंमत आहे निसर्गाची. अंड्याला साखर थेट नीट वापरता येत नाही. आई बाळाला वरणभात मऊ कालवून भरवते ना, तसं क्युम्युलस पेशी ग्लुकोज घेतात, फोडतात आणि त्याचं पायरुवेट करून बारीक बारीक धाग्यांसारख्या जोडांमधून अंड्यापर्यंत पोचवतात. अंडं ते आपल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या आतल्या चुलींत, जाळून ऊर्जा करतं. एका पिकलेल्या अंड्यात लाखभर मायटोकॉन्ड्रिया असतात, शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही पेशीत इतके नसतात, कारण पुढे गर्भाचे पहिले काही दिवस या शिदोरीवरच काढायचे असतात.

आता समजा भरवणाऱ्या आईचीच ताकद गेली. भात आहे, ताट समोर आहे, पण तिला कालवता येत नाही. पीसीओएसमध्ये असंच काहीसं होतं.

प्रश्न : पीसीओएसमध्ये या पाण्यात नक्की काय बदलतं?

थोडं लांब उत्तर आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात इन्सुलिनपासून. पीसीओएसच्या बऱ्याच बायकांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स असतो, म्हणजे स्नायू, लिव्हर, चरबी या पेशी इन्सुलिनचं नीट ऐकत नाहीत, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. घरात आजोबांना कमी ऐकू येतं म्हणून टीव्हीचा आवाज वाढवला की बाकीच्यांचे कान किटतात, तसं होतं, कारण बीजकोशातल्या थीका पेशींचे (फॉलिकलच्या बाहेरच्या थरातल्या) कान शाबूत असतात! त्या वाढलेल्या इन्सुलिनचं ऐकून, मेंदूकडून येणाऱ्या एलएच हॉर्मोनच्या जोडीने, भरमसाट पुरुषी हॉर्मोन बनवायला लागतात. वर लिव्हर एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवते, ते या हॉर्मोनला बांधून ठेवतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन अजून वाढतं.

हे सगळं पाण्यात उतरतं. चांगल्या वाढणाऱ्या फॉलिकलमध्ये साधारण १० मिलिमीटरच्या पुढे ग्रॅन्युलोसा पेशी (फॉलिकलच्या आतल्या भिंतीतल्या) पुरुषी हॉर्मोनचं इस्ट्रोजेन करतात आणि पाणी इस्ट्रोजेनने भरतं. अडकलेल्या फॉलिकलमध्ये हे रूपांतर होत नाही आणि पाण्यात पुरुषी हॉर्मोनच जास्त राहतं. हा फरक १९७० च्या दशकापासून माहीत आहे, नवीन काही नाही. शिवाय छोट्या फॉलिकलची गर्दी असल्याने एएमएच खूप, आणि एएमएच जास्त असलं की फॉलिकल एफएसएचला दाद देत नाही. म्हणजे वाढायला सांगणारा हॉर्मोन दार वाजवतोय आणि आतून कडी लावलेली.

आता मेटाबॉलिझम. पीसीओएसमध्ये अंडं न फुटणाऱ्या बायकांच्या ग्रॅन्युलोसा पेशी लॅबमध्ये तपासल्या तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली, इन्सुलिन दिल्यावर या पेशी हॉर्मोन व्यवस्थित बनवतात पण ग्लुकोज घेऊन फोडण्याचं काम मंदावतं. म्हणजे एकाच पेशीचा एक कान चालू आणि एक बंद. आणि जो बंद आहे तो नेमका भरवण्याचा.

मग चरबी. पाण्यात फ्री फॅटी अॅसिड वाढलेली सापडतात, विशेषतः वजन जास्त असेल तर, आणि पामिटिक अॅसिडसारखी संपृक्त आम्लं जास्त झाली की पेशीच्या आतल्या प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. काही अमिनो आम्लं, जशी ल्युसिन-व्हॅलिन गटातली, बदललेली दिसतात. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढलेला असतो, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या चुलीतून धूर जास्त आणि तो निघून जायला धुराडं अपुरं. सूज दाखवणारे आयएल-६, टीएनएफ-अल्फासारखे रेणूही वाढलेले आढळतात. परिणाम म्हणजे कधी अंडं पूर्ण पिकत नाही, कधी पिकतं पण फलित नीट होत नाही, कधी भ्रूण तिसऱ्या-चौथ्या दिवशी रेंगाळतं.

पण प्रामाणिकपणे सांगायलाच हवं, सगळे अभ्यास एकच गोष्ट सांगत नाहीत. लॅक्टेटसारख्या (ग्लुकोज फोडल्यावर उरणाऱ्या) गोष्टीत एका ठिकाणी वाढ दिसते तर दुसऱ्या ठिकाणी घट. कारणं आहेत त्याला. हे पाणी मिळतं ते जवळपास फक्त आयव्हीएफमध्ये, म्हणजे दहा-बारा दिवस इंजेक्शनं दिल्यावर, नैसर्गिक सायकलमधलं पाणी कोण देणार? तुलनेसाठी घेतलेल्या बायकाही आयव्हीएफलाच आलेल्या, कुणाच्या ट्यूब बंद, कुणाच्या नवऱ्याचा प्रॉब्लेम. आणि सडपातळ पीसीओएस, वजनदार पीसीओएस एकत्र मोजलं की चित्र गढूळ होतं.

प्रश्न : माझं वजन ५० किलोच आहे, मग मला इन्सुलिनचा त्रास कसा?

असू शकतो. सडपातळ बायकांमध्येही पीसीओएससोबत इन्सुलिन रेझिस्टन्स सापडतो, वजनाने तो वाढतो इतकंच. आणि आपल्या भारतीय शरीरात कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते, म्हणून आपल्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ च्या वर जास्त आणि २५ च्या वर लठ्ठ धरतात, गोऱ्यांचे आकडे २५ आणि ३० आहेत. मानेमागे, काखेत मखमलीसारखा काळपटपणा आला असेल तर तो मळ नाही, घासू नका. माझी मान आई दर रविवारी डाळीच्या पिठाने घासायची, कातडी लाल व्हायची, काळेपणा तसाच. तो इन्सुलिनचा निरोप होता हे कळायला सहा वर्षं गेली.

प्रश्न : या पाण्याची टेस्ट करून मिळते का? किती पैसे लागतात?

नाही, आणि कोणी "फॉलिक्युलर फ्लुइड प्रोफाइल"च्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका. एक तर पाणी काढायला पिकअपच लागतं, आणि दुसरं, अमुक आकडा म्हणजे चांगलं आणि तमुक म्हणजे वाईट असं अजून ठरलेलंच नाही. एनएमआर, मास स्पेक्ट्रोमेट्री अशा मशीनवर हे काम संशोधनात चालतं. आपल्याकडे मुंबईत परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे पीसीओएसवर बरीच वर्षं संशोधन चाललंय. याच संस्थेने केईएम हॉस्पिटलसोबत १९८६ मध्ये मुंबईतलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणलं होतं, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या हातून.

पाणी तपासता येत नसलं तरी ते ज्या रक्तातून येतं ते तपासता येतं ना. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची शुगर टेस्ट, म्हणजे उपाशीपोटी आणि दोन तासांनी, ही सगळ्यात महत्त्वाची, नुसती उपाशीपोटीची शुगर पुष्कळदा नॉर्मल येते आणि आपण गाफील राहतो. सोबत लिपिड प्रोफाइल, बीपी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन. फास्टिंग इन्सुलिन किंवा होमा-आयआर (इन्सुलिन रेझिस्टन्सचा अंदाज देणारा आकडा) सरसकट करायची गरज नाही असं गाइडलाइन म्हणते, तरी पॅकेजमध्ये घालतात. डॉक्टरांना विचारा की या रिपोर्टने माझ्या ट्रीटमेंटमध्ये काय बदलणार. काहीच बदलणार नसेल तर राहू द्या.

आणि नवऱ्याची सीमेन टेस्ट!! बाईला पीसीओएस निघालं की सगळं तिच्या माथी मारून मोकळे होतात, तीन-तीन वर्षं फॉलिकल स्टडी, गोळ्या, इंजेक्शनं, आणि शेवटी कळतं की नवऱ्याचा काउंटच कमी होता. ती टेस्ट पहिल्या महिन्यातच करा, स्वस्त आहे आणि त्यात दुखत काही नाही.

प्रश्न : अंड्याची क्वालिटी सुधारते का? किती दिवसांत?

अंड्यातले क्रोमोसोम वयानुसार ठरतात, ते कुठल्या गोळीने बदलत नाहीत. पण अंडं ज्या पाण्यात शेवटचे आठवडे काढतं ते बदलू शकतं. फॉलिकल अगदी बारीक असल्यापासून फुटण्यापर्यंत साधारण ८५ दिवस लागतात. म्हणून "पंधरा दिवस डाएट केलं, काही फरक नाही ताई" असं कोणी म्हणालं की मी तीन महिन्यांचं कॅलेंडर काढते. आज जे खाताय, झोपताय, चालताय ते तीन महिन्यांनी फुटणाऱ्या अंड्याच्या पाण्यात उतरणार आहे.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झालं तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गी लागते. ८० किलोच्या बाईने ५० व्हायची गरजच नाही, ४ ते ८ किलो पुष्कळ. पण इथे एक जपा, वजनाच्या नादात दोन-दोन वर्षं थांबू नका. वय ३५ कडे सरकत असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र चालू द्या.

प्रश्न : खायचं काय? दूध बंद, गहू बंद, भात बंद असं सांगितलंय.

कुठलंही एक डाएट दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरलेलं नाही, जे तुम्हाला वर्षभर जमेल तेच चांगलं. मुद्दा एवढाच की साखर रक्तात एकदम उसळू नये, कारण ती उसळली की इन्सुलिन उसळणार आणि पुढचं वर सांगितलंच. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, वरण, पालेभाजी, काकडी-गाजराची कोशिंबीर, ताक, अंडी-मासे खात असाल तर ते, हे आपलं जुनं ताटच चांगलं आहे. भात बंद करू नका, वाटी छोटी करा आणि आधी उसळ-भाजी खा. नडतं ते सकाळी चहासोबत चार बिस्किटं, दुपारी पुन्हा चहा-खारी, आणि उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी पोटभर. साबुदाणा निव्वळ स्टार्च आहे हो, उपास करायचाच तर भगर-आमटी, दही, शेंगदाणे, फळ असं करा.

व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं, आणि त्यात दोन दिवस तरी स्नायूंचा, म्हणजे बैठका, पुश-अप, वजनं. स्नायू साखर शोषतात, इन्सुलिनचं ऐकायला शिकतात, आजोबांचे कान सुधारले की टीव्हीचा आवाज आपोआप खाली येतो. जेवणानंतरची शतपावली फुकट आहे, तेवढी तरी करा.

प्रश्न : मेटफॉर्मिन घेतेय, त्याने दिवस राहतील का?

मेटफॉर्मिन ही मुळात डायबिटीसची गोळी, ती शरीराचं इन्सुलिन-प्रकरण सुधारते, पाळी थोडी मार्गी लावते, पण दिवस राहण्यासाठी एकटी ती गोळी कमजोर आहे. २००७ मध्ये अमेरिकेत ६२६ बायकांवर अभ्यास झाला, त्यात मूल झालेल्या बायका क्लोमिफेनवर (अंडं फुटण्यासाठी देतात ती गोळी) २२.५ टक्के, नुसत्या मेटफॉर्मिनवर ७.२ टक्के, दोन्ही मिळून २६.८ टक्के. मग २०१४ मध्ये ७५० बायकांवर लेट्रोझोल (त्याच कामाची दुसरी गोळी) आणि क्लोमिफेनची तुलना झाली, लेट्रोझोलवर २७.५ आणि क्लोमिफेनवर १९.१ टक्के. तेव्हापासून अंडं फुटण्यासाठी लेट्रोझोल पहिली पसंती. मेटफॉर्मिन जोडीला देतात, ज्यांना शुगरचा त्रास आहे त्यांना खास करून. जेवणासोबत घ्या, सुरुवातीला पोट बिघडतं, आणि फार वर्षं घेतली तर बी-१२ तपासत राहा.

प्रश्न : इनोसिटॉल, कोक्यूटेन, व्हिटॅमिन डी, मेलाटोनिन? मेडिकलवाल्याने पावडर दिलीय, महिन्याला दोन हजार जातात.

थिअरी सगळ्यांची गोड आहे, इनोसिटॉल इन्सुलिनचा निरोप आत पोचवण्यात मदत करतं, कोक्यूटेन मायटोकॉन्ड्रियात लागतं, मेलाटोनिन या पाण्यात नैसर्गिकच असतं आणि धूर शोषतं. छोटे छोटे अभ्यास आहेत, काहींत अंडी बरी दिसली. पण घरी मूल येण्याचं प्रमाण यांनी खात्रीने वाढतं असं म्हणण्याइतका पुरावा नाहीये. इनोसिटॉलने फारसं नुकसान होत नाही, परवडत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर घ्या, पण घरखर्चाला चिमटा काढून नको. फोलिक अॅसिड मात्र नक्की घ्या, दिवस राहायच्या आधीपासून, ते स्वस्तही आहे आणि पुरावाही पक्का आहे.

प्रश्न : माझी २५ अंडी निघाली पण भ्रूण चारच झाले. इतकी अंडी वाया कशी गेली?

हा प्रश्न विचारताना बायकांचा चेहरा मला बघवत नाही. पीसीओएसमध्ये पिकअपला अंडी जास्त निघतात, पण सगळी फॉलिकल एका वयाची नसतात, काही १९ मिलिमीटरची, काही ११ ची, छोट्यांमधली अंडी कच्ची निघतात. वरून पाण्याचा प्रकार आपण बघितलाच. म्हणून आकडा मोठा आणि गाळण जास्त. पण शेवटचा हिशोब बघा, आयव्हीएफमध्ये पीसीओएसच्या बायकांना दिवस राहण्याचं प्रमाण एकूण इतरांइतकंच साधारण निघतं. चार भ्रूण म्हणजे चार संधी आहेत, हे मी सांत्वन म्हणून म्हणत नाहीये, रोज बघते म्हणून म्हणतेय.

प्रश्न : डॉक्टर म्हणाले भ्रूण फ्रीझ करू, लगेच गर्भाशयात सोडणार नाही. पैसे उकळायला का?

यात तरी नाही. जास्त अंडी म्हणजे ओएचएसएसचा, म्हणजे इंजेक्शनांनी बीजकोश प्रमाणाबाहेर चेतवले जाण्याचा, धोका, पोटात पाणी, दम लागणं, कधी अॅडमिट. लगेच दिवस राहिले तर ते चिघळतं. चीनमध्ये १५०८ पीसीओएसच्या बायकांवर झालेल्या, २०१६ मध्ये छापलेल्या अभ्यासात फ्रीझ करून नंतर सोडलेल्यांमध्ये ४९.३ टक्के बायकांना मूल झालं, ताज्यामध्ये ४२ टक्के, आणि ओएचएसएस १.३ विरुद्ध ७.१ टक्के. एक-दोन महिने थांबणं जड जातं हे मान्य, पण ते तुमच्या भल्याचं आहे.

प्रश्न : अंडी त्या खराब पाण्यातून लवकर काढून लॅबमध्येच पिकवता येत नाहीत का?

छान प्रश्न आहे, आणि हो, त्याला आयव्हीएम म्हणतात. अंडी कच्चीच काढायची, इंजेक्शनं अगदी थोडी किंवा नाहीतच, आणि लॅबच्या द्रवात पिकवायची. पीसीओएसच्या बाईची अशी पिकवलेली अंडी वापरून मूल झालं ते ऑस्ट्रेलियात, १९९४ मध्ये त्याबद्दल छापून आलं. ओएचएसएसची भीती जवळजवळ संपते. पण आपला द्रव अजून निसर्गाच्या पाण्याइतका चांगला नाही, यशाचं प्रमाण नेहमीच्या आयव्हीएफपेक्षा कमी पडतं आणि सगळ्या सेंटरला जमतही नाही. पाण्यात काय काय, कधी, किती असतं हे जसजसं कळेल तसतसा हा द्रव सुधारेल.

प्रश्न : हे सगळं माझ्या चुकीमुळे झालं का? बाहेरचं खाल्लं, उशिरा लग्न केलं...

नाही. पीसीओएसमध्ये अनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे, घरात आई-मावशीला पाळीचा त्रास, बाबांना डायबिटीस असं बरेचदा सापडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार मूल होण्याच्या वयातल्या साधारण १० ते १३ टक्के बायकांना हे असतं. मला एकोणिसाव्या वर्षी एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं होतं, "लग्न कर, सगळं ठीक होईल," आणि लग्नानंतर दुसऱ्यांनी सांगितलं, "इतके दिवस काय करत होतीस?" मी दोन्ही वेळा मान खाली घालून ऐकून घेतलं, आज घेतलं नसतं. तुमच्या बीजकोशात अंडी आहेत, भरपूर आहेत, ती अडकलीत. अडकलेलं सोडवायला उपाय आहेत आणि पीसीओएसच्या बहुतेक बायकांना आज ना उद्या मूल होतं, कित्येकींना गोळ्यांवरच.

प्रश्न : पिकअपच्या आधी एक फॉर्म दिला, "उरलेला फ्लुइड संशोधनासाठी वापरू का" म्हणून. सही करू का?

तुमची मर्जी. नाही म्हणालात तरी ट्रीटमेंटमध्ये काही फरक पडत नाही, पडता कामा नये. हो म्हणालात तर वेगळी सुई टोचत नाहीत, जे पाणी टाकूनच देणार होते तेच घेतात. आधी त्यात अंडं नाही ना हे आम्ही बघतो, मग शक्यतो पहिल्या फॉलिकलचं, रक्त न मिसळलेलं पाणी घेतात, सेंट्रिफ्यूज करतात, नळीवर नाव नाही तर कोड नंबर घालतात आणि उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात. माझ्या स्वतःच्या पिकअपच्या दिवशी मी गुंगी उतरल्यावर पहिल्यांदा किती अंडी ते विचारलं, आणि दुसरं विचारलं की माझी नळी ठेवली का. मैत्रिणीने ती उचलून दाखवली, फिकट पिवळी, स्वच्छ.